टाकी न लागलेला दगड

सोलापूरहून निघालेली हैदराबादची गाडी नळदुर्ग सोडते, जळकोट, येणेगूर, उमरगा करत तलमोडपाशी राज्याची हद्द ओलांडते, तोवर खिडकीबाहेर फारसं काही बदलत नाही. काळं रान, बांधावरच्या बाभळी, मधूनच नव्या विहिरीच्या कडेला उपसून टाकलेला मुरमाचा ढीग. हुमनाबादच्या आसपास माती तांबूस होऊ लागते. हा जांभ्याचा पट्टा. बिदरचा किल्ला याच दगडात उभा आहे. मग झहीराबाद मागे पडतं, सदाशिवपेठ येतं, आणि संगारेड्डीच्या सुमारास रानात एकदम दगड उभे राहिलेले दिसू लागतात. पडलेले नव्हे, उभे. एकावर एक असे तीन-तीन, चार-चार; खालचा बैलगाडीएवढा तर वरचा खोलीएवढा; काही तर असे की वाऱ्यानंसुद्धा गडगडतील असं वाटावं.

त्या रस्त्यानं पहिल्यांदा जाताना मी आजोबांना विचारलं होतं, "हे कुणी रचलं?"

"भीमानं. गोट्या खेळला अन् तशाच टाकून गेला."

आजोबांच्या पिढीला तो रस्ता पाठ होता. आपला धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. वरचं कोर्ट हैदराबादला, मोठं कॉलेज हैदराबादला. 'हैदराबादला गेलेत' याचा अर्थ बहुतेक वेळा 'तारखेला गेलेत' असाच असायचा. जिल्ह्याचं २०२३ पर्यंत चाललेलं उस्मानाबाद हे नावही शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून पडलेलं. त्या रस्त्याच्या एका तुकड्याला हैदराबादेत अजूनही 'जुना बॉम्बे रोड' म्हणतात. रस्ता एकच, पण त्याच्या दोन टोकांना दोन निरनिराळ्या युगांचे दगड आहेत. त्यातला जुना दगड आपल्याही पायाखाली आहे, फक्त दिसत नाही.

हैदराबादकडचा तो दगड म्हणजे ग्रॅनाइट. वय सुमारे २५० कोटी वर्षं. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, त्याचं वय सुमारे ६.६ कोटी. कोटींच्या आकड्यांनी डोक्यात काही उजेड पडत नाही, म्हणून असं धरू: ग्रॅनाइट शंभरी गाठलेला म्हातारा असेल तर बेसॉल्ट हे अडीच वर्षांचं, नुकतं बोलायला लागलेलं पोर आहे.

दोघांचा जन्म तापलेल्या शिलारसातूनच. फरक निवण्यात. साखरेचा पाक कुणी न हलवता सावकाश निवू दिला की खडीसाखरेचे टपोरे खडे धरतात; तोच भराभर ढवळत निववला की बुरा होतो. बेसॉल्टचा रस भेगांतून वर आला, उघड्यावर पसरला आणि लवकर निवला. त्याचे स्फटिक इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना सगळा दगड एकच काळा दिसतो. ग्रॅनाइटचा रस कित्येक किलोमीटर खोल अडकून राहिला आणि लाखो वर्षं घेऊन निवला. म्हणून त्याचे दाणे वेगवेगळे मोजता येतात: गुलाबी किंवा करडा फेल्डस्पार, काचेसारखं धुरकट क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, आणि अभ्रकाच्या काळ्या टिकल्या. उघड्यावरच्या ग्रॅनाइटवरून तळहात फिरवून पाहावा. गारगोटीचे दाणे मागे उभे राहिलेले असतात, ते खवणीसारखे लागतात.

पण मग भीमाच्या गोट्या कशा झाल्या? खोलवर घडलेला हा दगड वरचं ओझं झिजून गेल्यावर हळूहळू पृष्ठभागाजवळ आला. दाब उतरला तसा तो किंचित फुगला आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा गेल्या, ताटात थापलेल्या वड्या सुरीनं कापाव्यात तशा. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं, त्यामुळे ते अगदी थोडं आम्लधर्मी असतं. हे पाणी मातीतून झिरपत त्या भेगांत उतरलं. फेल्डस्पार त्याला बळी पडतो, त्याची चिकणमाती होते. गारगोटी दाद देत नाही, तिची वाळू होते. आता चौकोनी ठोकळ्याचा कोपरा पाहा. त्याच्यावर तीन बाजूंनी हल्ला, कडेवर दोन बाजूंनी आणि सपाट अंगावर एकाच बाजूनं. म्हणून कोपरे आधी जातात, मग कडा, आणि ठोकळा गोल होत जातो. गंमत अशी की हे सगळं मातीखाली, अंधारात चालतं. पुढं कधीतरी आजूबाजूचा कुजलेला भाग पावसानं धुऊन जातो आणि आतले घट्ट गाभे होते तिथेच, होते तसेच एकमेकांवर बसलेले उघडे पडतात. कुणी एकावर एक ठेवलेलं नाही. जे मधे होतं ते निघून गेलं.

बेसॉल्टही असाच झिजतो, पण त्याच्या झिजण्याचा तमाशा होत नाही. विहीर खणताना मुरमात जे गोल धोंडे लागतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे, ते याच कारखान्यातले. फक्त आपला लाव्हा थरावर थर असा आडवा पसरला, म्हणून आपले डोंगर ढिगाऱ्यांचे न होता पायऱ्यांचे झाले. दख्खनच्या या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, तो स्वीडिश भाषेतला जिन्याचा शब्द आहे. तुळजापूरला भवानीच्या देवळात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. ते देऊळ ज्या बालाघाटाच्या कडेला आहे, तो डोंगरही तसाच टप्प्याटप्प्यानं उतरतो.

पाटणचेरूला, याच रस्त्यावर, इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ साली आली. ज्वारी, तूर, हरभरा, बाजरी, भुईमूग ही तिची पिकं. ती जागा निवडण्यामागचं एक कारण दगडाशी जोडलेलं आहे: तिथं एकाच आवारात बेसॉल्टची काळी माती आणि ग्रॅनाइटची तांबडी माती, दोन्ही मिळतात. दोन युगांमधली हद्द एका शेतातून जाते. आपल्या भागातल्या तुरीच्या कितीतरी बियाण्यांची वंशावळ त्या हद्दीवर येऊन थांबते.

आता पायाखालच्या ग्रॅनाइटकडे येऊ. तो आपल्याला कळला तो मोठी किंमत मोजून.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. भूकंपाला नाव किल्लारीचं मिळालं आणि किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही धाराशिव जिल्ह्यातली गावंही त्याच पहाटे बसली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे १० हजार माणसं गेली. सहाहून थोड्या जास्त तीव्रतेच्या धक्क्यात एवढी माणसं का गेली, याचं उत्तर भिंतींत होतं. माळवदाची घरं, भिंती दीड-दोन हात रुंद, पण आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंतवलेला, मधे नुसती माती आणि चिपा. दगड कोणता, तर तोच मुरमातला गोल धोंडा. घडवलेल्या चिऱ्याला बूड असतं. गोल धोंडा दुसऱ्यावर नुसता टेकलेला असतो. वर माळवदाचं दोन-दोन फूट मातीचं ओझं. खालून हिसका बसला तशा भिंती पोटातून फुटल्या.

भूशास्त्रज्ञांना वेगळाच धक्का बसला होता. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, भूकंपाचा धोका सर्वांत कमी, असं नकाशावर रंगवलेलं. तेव्हा खाली नेमकं काय आहे हे पाहण्यासाठी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल विंधनविहीर घेतली गेली. असं भोक पाडताना आतला दगड लांब कांड्यांच्या रूपात जसाच्या तसा बाहेर काढतात. पहिले ३३८ मीटर बेसॉल्ट निघाला, थरावर थर. मग आठेक मीटर गाळ. आणि त्याच्याखाली ग्रॅनाइटच्या गोतातला, सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा स्फटिकी खडक, विहीर थांबेपर्यंत. आपला शेतकरी पाण्यासाठी पाचशे-सहाशे फूट बोअर मारतो आणि कर्जात जातो. त्या जुन्या दगडाला टेकायला अकराशे फूट जावं लागतं.

मधल्या आठ मीटर गाळानं मला नेहमी जास्त ओढलं आहे. लाव्हा येण्याआधी इथं जी उघडी जमीन होती, तिच्यावर पाण्यानं आणून टाकलेली ती माती. म्हणजे आज सोयाबीन उभं आहे त्याच्या अकराशे फूट खाली एक गाडलेलं माळरान आहे, आणि त्या माळरानाचा खडक संगारेड्डीच्या दगडांच्या पिढीतला. तिथंही भीमानं गोट्या टाकल्या असतील का, हे सांगायला आता कुणी नाही. मराठवाड्यात ही जुनी जमीन उघडी पाहायची तर नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे जावं लागतं; लाव्ह्याची चादर तिथं संपते आणि खालचा ग्रॅनाइट डोकं वर काढतो.

किल्लारी आणि ते तोललेले दगड यांचा आणखी एक धागा आहे, आणि ग्रॅनाइटचे ढिगारे राखावेत यासाठी माझ्या मते तो सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे. सौंदर्यावर वाद घालता येतो, यावर नाही.

अमेरिकेत नेवाडा विद्यापीठातले भूकंपशास्त्रज्ञ जेम्स ब्रून यांनी १९९०च्या दशकात कॅलिफोर्निया आणि नेवाडातल्या तोललेल्या दगडांकडे वेगळ्या नजरेनं पाहायला सुरुवात केली. बाकी सगळे भूकंपानं काय पाडलं ते शोधत होते; यांनी काय पडलं नाही ते पाहिलं. विचार साधा आहे. एखादा दगड दुसऱ्यावर जेमतेम टेकलेला आहे. त्याचा आकार, वजन, टेकण्याची जागा मोजली की किती जोराच्या हिसक्यानं तो गडगडेल हे काढता येतं. तो किती काळ असा उघडा उभा आहे हेही काढता येतं, कारण अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे उघड्या दगडात काही दुर्मीळ अणू ठरावीक गतीनं साठत जातात. दोन्ही आकडे हाती आले की दगड साक्ष देतो: इतक्या हजार वर्षांत या जागी इतका मोठा धक्का बसलेला नाही. माणसाची दप्तरं शे-दोनशे वर्षं मागे जातात. यंत्रांची नोंद तर शंभर-सव्वाशे वर्षांची. हा दगड त्याच्याही मागचं सांगतो.

आपल्या भागात असा साक्षीदार उघड्यावर नव्हता. होता तो सुमारे ३४६ मीटर खाली गाडलेला. जिथं तो आजही उभा आहे, तिथं सुरुंग लावणं म्हणजे कुणी वाचायच्या आधी दप्तर जाळण्यासारखं आहे. दगड पुन्हा आणून रचता येतो, हैदराबादेत काही बंगल्यांच्या आवारात तसे क्रेननं आणून रचलेही असतील. पण हलवलेल्या दगडाची साक्ष संपते. रचलेला ढिगारा ही फक्त बाग.

दगड फोडण्याला माझा विरोध नाही, हेही सांगून टाकतो. घर, रस्ता, धरण सगळं दगडातूनच येतं, आणि पिढ्यानपिढ्या दगडावर पोट असलेल्या वडारांना कुणी भूवारशाच्या गप्पा ऐकवू नयेत. ग्रॅनाइट फोडण्याची जुनी रीत पाहण्यासारखी होती. सपाट कातळावर जाळ करून तो तापवायचा; वरचा थर फुगून ढब असा आवाज करत सुटतो. किंवा दगडाच्या अंगावर एका ओळीत बोटभर खोल भोकं पाडायची, त्यांत लोखंडी पाचरी बसवायच्या आणि ओळीनं एकेक ठोका देत जायचं. आवाज बदलत जातो, आणि एका ठोक्याला दगड ओळीवर उलतो. हैदराबादेत खाजागुड्याच्या टेकडीवर अशा ओळी अजून दिसतात: अर्धा धोंडा गेलेला, उरलेल्या अर्ध्याच्या कडेला निम्म्या-निम्म्या भोकांची दातेरी रांग. त्या हातांच्या वेगात आणि दगड घडण्याच्या वेगात अंतर होतं, पण ते माणसाच्या आवाक्यातलं होतं. सुरुंग, पोकलेन, हिऱ्याच्या तारेची करवत आणि क्रशर आल्यावर डोंगर हा आठ-दहा वर्षांचा विषय झाला. जाता जाता: स्वयंपाकघराच्या ओट्यावर आपण ज्याला 'काळा ग्रॅनाइट' म्हणतो तो बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच, बेसॉल्टच्याच गोतातला, पण खोलवर सावकाश निवलेला, गॅब्रो किंवा डोलेराइट नावाचा दगड असतो. दुकानदाराला सांगून उपयोग नाही.

हैदराबादेत हे दगड वाचवण्याची खटपट सुरू झाली ती १९९६ साली. चित्रकार, छायाचित्रकार, पर्यावरणाची काळजी असणारे काही लोक एकत्र आले आणि 'सोसायटी टु सेव्ह रॉक्स' ही संस्था निघाली. जर्मनीतून येऊन हैदराबादकर झालेल्या फ्राउके कादर यांनी कितीतरी वर्षं तिचं काम ओढलं. त्यांनी काय केलं, तर आधी लोकांना दगड दाखवायला नेलं. दर महिन्याला दगडांची फेरी: मुलं, म्हातारे, पाण्याच्या बाटल्या, टोप्या. आणि दुसरं म्हणजे दगडांना नावं होती ती लोकांच्या तोंडी आणली. शिल्पारामातलं 'अस्वलाचं नाक', जुबिली हिल्सवरची 'अळंबी', मौला अलीजवळचा 'पहारेकरी', फिल्मनगरकडचा 'राक्षस', हैदराबाद विद्यापीठाच्या आवारातला छत्रीवाला दगड. इंग्रजी नावांची मराठी रूपं मी केली आहेत, पण मुद्दा नावाचा आहे. नाव नसलेला दगड ब्रासात मोजला जातो. नाव पडलं की तो कुठं गेला हे विचारणारा कुणीतरी निघतो.

संस्थेच्या पाठपुराव्यानं हैदराबादच्या नगरविकास प्राधिकरणाच्या वारसा नियमावलीत नऊ दगडी जागा घातल्या गेल्या. त्या नियमाचा क्रमांक १३. मुळात तो जुन्या हवेल्या, देवड्या, वाडे यांच्यासाठी होता. त्याच्यात निसर्गानं घडवलेले दगड बसवणं ही त्या काळी देशात नवी गोष्ट होती. त्या नऊंतली एक जागा जुन्या बॉम्बे रोडवर, हुसेनशाह वलींच्या दर्ग्याजवळ आहे. म्हणजे आपल्याच रस्त्यावर. दुर्गम चेरूवच्या भोवतीच्या टेकड्याही यादीत आल्या. या तळ्याचं पाणी एके काळी गोवळकोंड्याला जात असे; दगडांच्या भेगांतून झिरपलेलं पाणी आणि त्या दगडांच्या कुशीतलं तळं हे एकाच घरातले.

पण नियमावर उभं राहिलेलं संरक्षण नियमासोबतच जातं. २०१५च्या अखेरीस तेलंगणात तो क्रमांक १३चा नियमच रद्द झाला. दगड तेच, जागा तीच, फक्त कागद गेला. मग २०२५च्या मार्च-एप्रिलमध्ये विद्यापीठाला लागून असलेल्या कांचा गच्चीबावलीच्या ४०० एकरांवर यंत्रं फिरू लागली, विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं काम थांबवलं. त्या गदारोळात सगळ्यांच्या तोंडी झाडं, मोर आणि हरणं होती, ते साहजिकच. पण जमीन विकसित करू पाहणाऱ्यांनाही खुलाशात सांगावं लागलं की तो छत्रीवाला दगड आम्ही राखणार आहोत. त्या वाक्याच्या मागे वीस-पंचवीस वर्षांच्या रविवारच्या फेऱ्या आहेत, असं मला वाटतं.

आपल्याकडे एक म्हण आहे: टाकीचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही. माणसाला उमेद द्यायला ठीक आहे, पण आपल्या कायद्यानं ती शब्दशः घेतली आहे. १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा दगडाला संरक्षण देतो ते त्यावर माणसाचा हात फिरला असेल तर, आणि त्याला निदान शंभर वर्षं झाली असतील तर. २५० कोटी वर्षं नुसतं उभं राहिल्याचे गुण नाहीत. हंपीचे दगडांचे डोंगर सुरक्षित आहेत, कारण त्यांच्या मधे विजयनगर आहे आणि १९८६ पासून ते जागतिक वारसा आहे. महाबलीपुरमच्या उतारावर टेकलेला, 'कृष्णाचा लोण्याचा गोळा' म्हणतात तो प्रचंड धोंडा सुरक्षित आहे, कारण शेजारी पल्लवांची शिल्पं आहेत. दगड राखला जातो, पण शेजाऱ्याच्या पुण्याईवर.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही १८५१ पासूनची संस्था; तिनं देशभरात तीसहून अधिक राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकं ठरवली आहेत. बंगळूरच्या लालबागेतला, केंपेगौडाचा बुरूज ज्याच्या माथ्यावर आहे तो सुमारे ३०० कोटी वर्षांचा कातळ त्यात आहे. आपलं लोणारही आहे. मात्र हा मान आहे, कुलूप नाही. लोणारला कुलूप मिळालं ते अभयारण्य म्हणून आणि २०२० साली रामसर पाणथळ म्हणून, म्हणजे पुन्हा पाण्या-पाखरांच्या नावावर. मुंबईत अंधेरीचा गिल्बर्ट हिल, बेसॉल्टच्या उभ्या खांबांचा सुळका, खाणींनी चहूबाजूंनी कुरतडून झाल्यावर २००७ मध्ये महापालिकेच्या वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीत आला. तोवर त्याच्या पायथ्याला इमारती टेकल्या होत्या. केंद्राच्या खाण मंत्रालयानं डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा काढला. त्यात जागा जाहीर करण्याचे, बांधकाम रोखण्याचे, नुकसान करणाऱ्याला तुरुंगवास आणि दंडाचे अधिकार आहेत. मसुदा बरा आहे. त्यावर माझी शंका एवढीच की ज्या खात्याचं काम दगड काढायला देणं, त्याच खात्याच्या छत्रीखाली दगड राखायचा आहे. घरच्याच माणसाकडे किल्ली असणं सोयीचं असतं आणि धोक्याचंही. दरम्यान युनेस्कोच्या जागतिक भूउद्यानांत भारताचं एकही नाव नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये पाचगणी-महाबळेश्वरचा दख्खन ट्रॅप जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेला, ही अलीकडची जमेची बाजू.

पाचगणीचा ट्रॅप आणि धाराशिवचा ट्रॅप एकाच कुळातले. मग धाराशिवात काय आहे? शहरापासून सातआठ किलोमीटरवर धाराशिवची लेणी आहेत, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराची. आधी बौद्ध, पुढं जैनांनी वापरलेली. ही लेणी खोदणाऱ्यांनी डोंगर कुठंही पोखरला नाही. त्यांनी घट्ट थर निवडला. कनकामर मुनींच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरजवळच्या लेण्याची कथा येते. राजाला मूर्तीच्या आसनावर एक गाठ दिसते, तो ती फोडायला लावतो आणि आतून पाण्याचा लोट येतो. कथा म्हणून ती सुंदर आहेच, पण ज्यानं विहीर खणली आहे तो ती वाचून मान डोलावेल. बेसॉल्टमध्ये पाणी थरांच्या सांध्यात आणि भेगांत असतं; घट्ट पाषाण कोरडा ठणठणीत, आणि सांधा लागला की पाझर फुटतो. त्या कवीनं किंवा त्याला कथा सांगणाऱ्यानं असा सांधा फुटलेला पाहिला असणार.

नळदुर्गाला लोक पावसाळ्यात नर-मादी धबधबे पाहायला जातात. इब्राहिम आदिलशाहाच्या काळात बोरी नदीवर बांधलेला बांध, त्याच्या पोटातला पाणीमहाल, वरून कोसळणारं पाणी. नजर बांधावर जाते, आणि ती जायलाच हवी. पण बोरीनं ज्या पाषाणात वळण घेऊन दरी कापली, आणि किल्ल्याला तीन बाजूंनी तयार कडा दिला, ते काम बांधाच्या कितीतरी आधीचं. येडशीजवळ रामलिंगच्या घळीतही तसंच: देऊळ आहे, अभयारण्य आहे, म्हणून घळ शिल्लक आहे. लेणं, किल्ला, देव. टाकी लागलेल्या शेजाऱ्यांच्या पुण्याईवर आपलाही दगड जगतोय.

जिथं असा शेजारी नाही तिथं तो 'गौण खनिज' असतो. अर्ज, पंचनामा, स्वामित्वधन, वाहतूक परवाना, अमुक ब्रास. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. पंचनाम्यात गट नंबर असतो, चतुःसीमा असते, अंतरं असतात. दगड कसा दिसतो याला रकाना नाही. तो एक रकाना वाढवायला नव्या कायद्याची वाट पाहावी लागू नये. खांबासारखा उभा फुटलेला बेसॉल्ट, नदीनं कोरलेले रांजण, लाव्ह्याच्या पोकळीतले झिओलाइटचे पांढरे झुपके, असं काही दिसलं तर एक फोटो आणि एक ओळ. उरलेलं ठरवायला जिल्ह्यात कॉलेजं आहेत, भूजलवाले आहेत.

खाण सगळंच पुसते असंही नाही. कधी तीच दाखवते. गावाबाहेरच्या एखाद्या बंद पडलेल्या खडीच्या खाणीत उतरून समोरच्या उभ्या भिंतीकडे पाहा. खालचा काळा पाषाण, वरचा काळा पाषाण, आणि मधे वीतभर, कुठं हातभर रुंदीचा विटकरी तांबडा पट्टा, पट्टीनं आखल्यासारखा. एक लाव्हा निवला, त्याच्यावर ऊन-पावसात माती धरली, आणि मग दुसरा लाव्हा येऊन तिच्यावर बसला. तीच ती दबलेली माती. दोन प्रलयांच्या मधला उसंतीचा काळ. खाणवाल्याला हा पट्टा नको असतो, त्याची खडी होत नाही. त्यावरून बोट ओढलं की बोटाला कुंकवासारखी भुकटी लागते आणि धुतली तरी नखात राहते. खाणीच्या तळाला पावसाचं पाणी साचलेलं असतं, त्यात पोरं पोहतात. आणि एका कोपऱ्यात गावचा कचरा टाकायला सुरुवात झालेली असते, तो पट्ट्यापर्यंत पोचायला अजून पाचसहा फूट आहेत.